ब्लॉग, ग्रुप, स्टेटस आणि रील: घरचं नि धंद्याचं बोलणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळच्या बॅचला मी ब्लॉग लिहायला आणि धंद्याची पानं सांभाळायला शिकवतो. बॅच सुटली की जिन्यात गाठून जे विचारलं जातं ते बहुतेक वेळा शिकवलेल्यातलं नसतंच. जावेनं स्टेटस माझ्यापासून का लपवला, साहेबांना नुसता अंगठा पाठवला तर चालतो का, पार्टीनं ‘ओके’ म्हणून माल उचलला नाही, असलं सगळं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एका जागी ठेवले आहेत. कायद्याचं जिथं आलंय तिथं माहिती म्हणून वाचा. अंगावर आलं तर वकील गाठा.

1. ब्लॉग, फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप हे सगळं शेवटी एकच की! वेगळं काय त्यात?

ऐकणारा वेगळा. गंगावेशेत दुधाच्या कट्ट्यावर आपण जे बोलतो ते सासऱ्यांपुढं बोलत नाही, आणि शिरोली एमआयडीसीत कस्टमरपुढं तर नाहीच नाही. ही तीन बोलणी वेगळी ठेवायला कुणी शिकवलं नव्हतं. जागाच वेगळ्या होत्या. फोनमध्ये या जागा एकावर एक आल्या.

व्हॉट्सॲपवर समोरचा साधारण ओळखीचा असतो. फेसबुकवर शाळेतला मित्र, साडू, बँकेचा मॅनेजर आणि तालमीतली पोरं एकाच रांगेत बसून ऐकतात. इन्स्टावर तुमची रील कुणापुढं जाणार ते तुम्ही ठरवत नाही, कंपनीचं यंत्र ठरवतं. आणि ब्लॉगवर येणारा माणूस काहीतरी शोधत आलेला असतो, कदाचित तुम्ही लिहिल्यावर तीन वर्षांनी. खालची निम्मी उत्तरं या एवढ्यातूनच निघतात.

2. आता रीलच्या जमान्यात ब्लॉग कोण वाचतंय? सुरू करण्यात अर्थ आहे का?

करमणुकीसाठी लिहिणार असाल तर खरंच कमी लोक येतील. धंद्यासाठी मात्र मी अजूनही ब्लॉगच सांगतो. अडलेला माणूस गूगलवर शोधतो आणि पोचतो. माझ्याकडं उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातले एक पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे, यायचे. त्यांनी वर्षभरात जेमतेम बारा लेख लिहिले: कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, का पडतात, लाकडी पॅटर्न पावसाळ्यात का फुगतो, आकुंचनाची सूट किती ठेवायची. लाइक कुणाचा नाही. पण चाकणहून फोन आला तेव्हा समोरच्यानं त्यांचाच लेख प्रिंट काढून टेबलावर ठेवला होता. त्या पहिल्या फोनमध्ये ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न आलाच नाही, थेट कामाचं बोलणं झालं.

दुसरं कारण ताब्याचं. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं आणि कित्येकांच्या पहिल्यावहिल्या चारोळ्या तिथंच बुडाल्या. ब्लॉगवर लिहिलेलं निदान उतरवून घेता येतं. घ्याच. आणि युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीनंच, लिहा. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टाकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडला की अक्षरांचा नुसता काला दिसतो, आणि शोधात तर तो येतच नाही.

3. लिहायचं कुठल्या भाषेत? आपल्या कोल्हापुरीत लिहिलं तर गावठी वाटेल का?

बोलायच्या ठिकाणी बोली, नोंदीच्या ठिकाणी प्रमाण मराठी. रीलमध्ये ‘काय मर्दा, जेवलास काय?’ हे कानाला गोड लागतं, कारण तिथं माणूस बोलतोय. कोटेशनमध्ये तेच आलं तर वाचणाऱ्याला ते दर ढिले असल्यासारखं वाटतं. बाहेरच्या कस्टमरला इंग्रजी हवं असेल तर साधं द्या, उसनं भारदस्त नको. एक तक्रार मात्र नोंदवतो: हल्ली कुठल्याही जाहिरातीत ‘भावा, विषय हार्ड’ कोंबलं की कोल्हापूर झालं असं बाहेरच्यांना वाटतं. आपण तरी ते करू नये.

4. घरच्या ग्रुपवर एवढी भांडणं का होतात? समोरासमोर तर आम्ही सगळे नीट बोलतो.

समोरासमोर तुम्ही सगळे एकदम कधी बोलता? लग्नात, जत्रेला, आणि तेव्हाही बायका आत, बापे बाहेर, पोरं गच्चीवर. ग्रुपवर चाळीस जण चोवीस तास एकाच खोलीत आहेत. काकांना वाटतं आपण भावाशी बोलतोय. ते पुतणसून वाचते आणि तिच्या माहेरी स्क्रीनशॉट जातो.

त्यात आवाज नाही. ‘बघूया’ हा शब्द घ्या. फोनवर ऐकला की तो होकार आहे, टाळणं आहे की राग आहे ते लगेच कळतं. लिहिलेला ‘बघूया’ वाचणारा आपल्या मनातल्या सुरात वाचतो, आणि मन आधीच कडू असेल तर सूरही तसाच. एका घरात गौरीच्या जेवणाला कोण किती दिवस येणार यावरून ‘ठीक आहे.’ असा एक मेसेज गेला. शेवटच्या त्या पूर्णविरामावरून दोन जावा दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. लिहिणारीनं पूर्णविराम दिला तो शाळेत शिक्षिका असल्यामुळं.

आणि निळ्या खुणा. नोव्हेंबर 2014 मध्ये त्या आल्या तेव्हापासून ‘वाचून उत्तर दिलं नाही’ हा नवा अपराध आपल्याकडं सुरू झाला. पत्र पोचलं का हे कळायला आठवडा लागायचा तेव्हा हा राग करायला जागाच नव्हती.

मी सुचवतो ते एवढंच: पैसा, जमीन, आजारपण आणि मानपान या चार गोष्टी ग्रुपवर काढायच्या नाहीत. फोन उचला. उरलेल्यात भांडण झालं तरी ते चहापर्यंत मिटतं.

5. ग्रुपमधून बाहेर पडलो तर नातेवाईक नाराज होतील का?

2022 पासून बाहेर पडताना फक्त ॲडमिनला कळवलं जातं, सगळ्यांना नाही. पण ग्रुपच्या माहितीत गेलेल्यांची यादी 60 दिवस दिसते, आणि आपल्याकडं एक आत्या अशी असतेच जी ती यादी बघते. सरळ म्यूट करून आर्काइव्हला टाका.

6. कुणी गेल्याची बातमी ग्रुपवर टाकावी का?

रक्ताच्या नात्यातल्यांना आधी फोन, मग ग्रुप. सख्खे मामा गेल्याचं भाचीला दुसऱ्याच कुणाच्या स्टेटसवरच्या हार घातलेल्या फोटोवरून कळलं, अशी तक्रार मला एकदा नाही, अनेकदा आलीय. अंत्यविधीची वेळ आणि जागा मात्र ग्रुपवरच टाका. पंचगंगा घाटावर किती वाजता ते चाळीस जणांना फोन करून सांगणं घरच्यांना जमत नाही.

7. पोराला नोकरीसाठी लिंक्डइन खरंच लागतं का? ओळखीपाळखीनं होत नाही का?

लिंक्डइन ही ओळखपाळखच आहे, फक्त लांबच्या माणसांची. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्येच मांडलं होतं की नोकरीची नवी खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. कारण साधं आहे. जिवलग मित्राला जे माहीत तेच तुम्हाला. दोघंही त्याच कट्ट्यावर बसता. लांबचा माणूस दुसऱ्या कट्ट्यावरची बातमी आणतो.

पोराला एवढं सांगा: ‘मेहनती, प्रामाणिक’ असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. कुठल्या मशीनवर किती महिने काम केलं, कुठलं सॉफ्टवेअर येतं, प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या हातानं काय केलं ते लिही. आणि ‘सर, काही असेल तर कळवा’ हा मेसेज शंभर जणांना पाठवण्यापेक्षा एकाला त्याच्या कामाबद्दल नेमका प्रश्न विचार.

8. साहेब रात्री अकराला ऑफिसच्या ग्रुपवर काम सांगतात. उत्तर द्यायलाच पाहिजे का?

फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडं तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, कायदा झालेला नाही. म्हणजे ही गोष्ट तुमच्या आणि साहेबांच्या समजुतीवर आहे. बरेचदा साहेब विसरू नये म्हणून लिहून ठेवतात, लगेच करा असं त्यांच्या मनात नसतंही. एकदा दिवसा, शांतपणे विचारा: ‘रात्रीचा मेसेज सकाळी बघितला तर चालेल ना? तातडीचं असेल तर फोन करा.’ फोन आणि मेसेज यांत हा फरक एकदा ठरला की दोघंही सुटतात.

9. पार्टीनं व्हॉट्सॲपवर ‘ओके’ टाकलं किंवा अंगठा दाखवला. ऑर्डर पक्की समजायची का?

हा प्रश्न उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावातून सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

एका फाउंड्रीतलं सांगतो. रात्रपाळीच्या सुपरवायझरनं बोअरच्या कडेला बारीक ब्लो होल असलेल्या कास्टिंगचा फोटो डिस्पॅचच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पाठवू का?’ मालक भाचीच्या लग्नात होते. पंगतीत बसल्या बसल्या एका हातानं त्यांनी अंगठा दाबला. त्यांच्या मनात होतं ‘बघितलं’. सुपरवायझरनं वाचलं ‘पाठव’. पहाटे टेम्पो भरून 140 नग गेले, तिसऱ्या दिवशी त्याच टेम्पोतून परत आले, आणि भाडं दोन्ही वेळचं मालकांच्या अंगावर. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं.

अंगठ्याचे निदान तीन अर्थ आहेत: बघितलं, कळलं, मंजूर. वयस्कर माणसं तो ‘मंजूर’ म्हणून वापरतात. कॉलेजातल्या पोरांना तो बरेचदा तुसडा वाटतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्यानं जवसाच्या सौद्याच्या कागदाच्या फोटोला असाच अंगठा दाखवला आणि माल दिला नाही. तो म्हणाला, कागद मिळाला एवढंच सांगायचं होतं. तिथल्या न्यायालयानं 2023 मध्ये तो अंगठा म्हणजे संमतीच धरली आणि भरपाई 82,000 डॉलरच्या वर गेली. आपल्याकडं तो निकाल लागू नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला म्हणून तो अमान्य ठरत नाही. तेव्हा ‘चॅटवरचं काय खरं’ असं म्हणून झोपू नका.

करायचं काय? ठरवा चॅटवर, पक्कं करा मेलवर. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, नग, दर, गाडीभाडं कुणाकडं, पैसे किती दिवसांत. पाच ओळी पुरतात. पार्टी मेल बघत नसेल तर याच पाच ओळी चॅटवर टाकून ‘वरील मंजूर’ असे शब्द लिहून मागा. आणि आपल्या माणसांना सांगून ठेवा: माल सोडायचा तर अंगठा चालत नाही, शब्द लागतो.

10. मग ते चॅट कोर्टात चालतं का? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फोन आणि मूळ चॅट सांभाळा. फोन बदलला की जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकायची घाई वाद चालू असताना नको. निळ्या खुणांचंही वजन आहे: 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचल्याचं मानलं होतं, कारण समोरच्यानं ती उघडल्याचं दिसत होतं.

11. घर आणि धंदा एकाच नंबरवर ठेवला तर काय बिघडतं?

माझं बिघडलेलं सांगतो. 2017 चा उन्हाळा. एका गिऱ्हाइकाच्या वेबसाइटचं कोटेशन भागीदाराला पाठवताना मी लिहिलं, ‘दहा टक्के चढवून सांग, हा घासाघीस करणार.’ गेलं ते थेट गिऱ्हाइकालाच. तेव्हा पाठवलेला मेसेज सगळ्यांकडून पुसायची सोय नव्हती. ती त्या वर्षाच्या अखेरीस आली. दहा मिनिटं मी फोनकडं बघत बसलो. मग उत्तर आलं: ‘दहा कशाला, पाच चढवा.’ काम मिळालं. पण पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक कोटेशनखाली ते विचारायचे, ‘चढवून की उतरवून?’

आता पुसायला साधारण दोन दिवस मिळतात आणि दुरुस्तीला 15 मिनिटं, पण समोरच्यानं वाचलं की वाचलं. धंद्याला वेगळं सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. दर, कॅटलॉग, दुकानाची वेळ आणि सोमवारची सुट्टी त्यात एकदाच लिहून ठेवता येते.

12. दुकानाला कुणीतरी मुद्दाम वाईट रिव्ह्यू टाकलाय. उत्तर द्यावं की नाही?

द्यावं, एकदाच, आणि ते भांडणाऱ्यासाठी नाही तर पुढं वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी. ‘रविवारी दुपारी रस्सा संपला होता, तुम्हाला थांबावं लागलं, चूक आमची’ असं नेमकं लिहिलं तर वाचणारा तुमच्या बाजूला येतो. पूर्ण खोटा असेल तर गूगलकडं तक्रार करा. पोरांना सांगून शंभर पाच-पाच तारे मात्र टाकायला लावू नका. एका दिवसात आलेलं ते चांदणं कुणालाही ओळखू येतं.

13. रीलवाले फुकट जेवण मागतात आणि वर पैसेही. द्यावेत का?

तुमचा सौदा, तुम्ही ठरवा. पण जेवण किंवा पैसे घेऊन केलेली रील ही जाहिरात आहे आणि तसं त्यात दिसलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेची याबद्दलची नियमावली 2021 पासून आहे, केंद्राची मार्गदर्शक सूचना जानेवारी 2023 ची. रीलवाला ‘ते लिहिलं तर व्ह्यू पडतात’ म्हणाला तर नमस्कार करा. नाहीतरी तांबडा-पांढऱ्याचं दुकान चालतं ते रोजच्या गिऱ्हाइकावर.

14. सोशल मीडियावर ओरडून खरंच काही होतं का?

होतं, पण आपल्याला वाटतं तेच होतं असं नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं कोल्हापुरी चपलेसारखीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. चार दिवस सगळ्यांच्या फोनवर तेच. शेवटी कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संस्थेला पत्र लिहून प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. दहा वर्षांपूर्वी हे एवढ्या लवकर झालं नसतं.

आता दुसरी बाजू. या चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन (ठरल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं अशी नोंद) आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांना ते माहीत होतं? कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतचं काम दाखवणारी, नीट लिहिलेली कारागिरांची पानं तेव्हा शोधली तर मोजकीच सापडत होती. ज्यांनी आधी लिहून ठेवलं होतं त्यांच्याकडं त्या आठवड्यात चौकशी आली. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता अभिमान आला. (प्र. 2 पाहा.)

15. महापुरात ग्रुपचा उपयोग झाला की गोंधळच जास्त?

दोन्ही. 2019 आणि 2021 मध्ये बोट कुठं हवी, औषध कुणाला, दूध कुठं पोचलं हे ग्रुपवरूनच हललं. त्याच ग्रुपवर 2021 ला 2019 चे फोटो फिरत होते, आणि गावाकडं बसलेल्या आयांचा जीव टांगणीला. पाण्याचा मेसेज टाकायचा तर तारीख, वेळ, जागा आणि ‘मी स्वतः बघितलं’ किंवा ‘अमक्याकडून कळलं’ हे लिहा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. त्याचा आकडा प्रशासनाकडून घ्या, पुतण्याच्या मित्राकडून नाही. खूप वेळा फिरलेला मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तशी दुहेरी बाणाची खूण दिसली की थांबायचं.

16. स्टेटस तर 24 तासांत जातं. त्यात काय एवढं?

7 जून 2023 ला कोल्हापुरात काय झालं ते आठवा. काही जणांच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस जातं, स्क्रीनशॉट राहतो.

‘कलम 66-अ रद्द झालंय ना?’ असं पोरं विचारतात. हो, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं. पण दोन समाजांत तेढ वाढवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे, बदनामीचं 356 आहे, आणि ही दोन्ही कलमं फोनवर लिहिलेल्यालाही लागू होतात.

17. मी ॲडमिन आहे. दुसऱ्यानं काही टाकलं तर मी अडकणार का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय की समान हेतू किंवा आधी ठरवून केल्याचं दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तरी आता ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही पुसता येतो, मग पुसायचा. तालीम मंडळाच्या ग्रुपवर फुटबॉलचे सामने सुरू असताना तर फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी व्यवस्था करा. पेठेपेठेतली ती गरमी तुम्हाला मी काय सांगू.

18. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. स्वतःच्या ब्लॉगवर काय लिहू शकते?

पुस्तकं, कविता, रानभाज्या, वर्गातले उपक्रम याला अडचण नसते. सरकारी धोरणावर टीका केली की वर्तणूक नियम आडवे येतात. जुलै 2025 मध्ये सामान्य प्रशासन विभागानं सोशल मीडियाबद्दल परिपत्रकही काढलंय: खासगी आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, गोपनीय कागद टाकू नका. ते मुळातून वाचा. मुलांचे चेहरे दाखवण्याआधी पालकांना विचारा, जरी शेजारच्या शाळेनं विचारलं नसलं तरी.

19. बाबा गेले. त्यांच्या फेसबुकचं, व्हॉट्सॲपचं काय करायचं?

फेसबुकला कळवलं तर खातं स्मृतीखातं होतं. मग वाढदिवसाची आठवण लोकांना जात नाही. आपल्यामागं ते कुणी सांभाळायचं हे जिवंतपणी सेटिंगमध्ये ठरवता येतं, सत्तरीतल्या माणसांनाही हे सांगायला मी लाजत नाही. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस वापराविना राहिलं की काढलं जातं, आणि सिम बंद झालं की तोच नंबर पुढं दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. ‘बाबा’ या नावापुढं अचानक कुणा अनोळखी पोराचा फोटो दिसू लागला, असा मेसेज मला इचलकरंजीच्या एका ताईंनी रात्री पाठवला होता.

तुमच्या फोनमधलं त्यांचं चॅट तुमच्याकडंच राहतं, फोन हरवेपर्यंत. म्हणून आजच ते मीडियासकट एक्सपोर्ट करा आणि दोन ठिकाणी ठेवा. आवाजाच्या फाइलींना नावं द्या. ‘पीटीटी’ आणि पुढं नुसते आकडे अशा शेकडो फाइलींत ‘गाडीत बसलीस का गं?’ विचारणारी सहा सेकंदांची ती फाइल नंतर सापडत नाही.